पालक क्रमांक

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. आजवर मी सांगितलेल्या निम्म्या गोष्टी खोट्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या त्याहून खोट्या, हे आमच्या सोसायटीतल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे. तलाठी असताना मी एक अख्खी टेकडी चुकून पोस्टमनच्या नावावर चढवली आणि तो बिचारा चार वर्षं टेकडीचं टपाल स्वतःच्याच हातात देत होता, ही गोष्ट मी गेटजवळच्या बाकावर तीनदा सांगितली. तिन्ही वेळा टेकडीची उंची वाढली. पण त्या सगळ्या थापा एका पारड्यात घातल्या तरी ही एक गोष्ट जड भरेल.

असं मी म्हणालो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि बाकावर आम्ही तिघं होतो. मी, उमेश भोईटे, वय सत्तर. शेजारी घाडगे गुरुजी, जन्मभर गणित शिकवलेले. गोष्टीत साल चुकलं तरी यांच्या पोटात दुखतं. पलीकडे वैभव माने, बॅटरीवरच्या एसट्या चालवून कंबर गेलेला ड्रायव्हर. त्याला गोष्ट कुठलीही चालते, फक्त लांब पाहिजे. दोघंही आठ-दहा वर्षांपूर्वी इथं राहायला आलेले. त्याआधीचं त्यांना काही माहीत नाही, म्हणून श्रोते चांगले.

माझी बायको सारिका शेजारच्या अर्चनाकडे गेली होती. दर बुधवारी जाते, खीर घेऊन. तासभर तरी येत नाही.

"सुरू करा भाऊसाहेब," गुरुजी म्हणाले. "खोटं बोलायचंच आहे तर उजेडात बोला."

आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. तलाठ्याची नोकरी जाऊन वीसेक वर्षं झाली, पण भाऊसाहेब काही गेला नाही.

ती नोकरी कशी गेली, तिथून सुरुवात करतो. साल दोन हजार एकेचाळीस. आकाशातून बांध मोजणारी यंत्रं आली. माणूस मेला की त्याच्या वारसांची नावं सातबाऱ्यावर आपोआप चढायला लागली. तलाठी अतिरिक्त ठरले. सरकारनं आमचं समायोजन केलं, म्हणजे जिथं खुर्ची रिकामी दिसली तिथं उचलून ठेवलं. कोणी पाणीपुरवठ्यात गेला, कोणी जनगणनेत. मला टाकलं स्मृतिकोश केंद्रात.

"ते मेंदूचं?" वैभवनं विचारलं.

"मेंदूचंच. तिथल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, 'भोईटे, घाबरू नका. जमिनीचा तुकडा कोणाचा आणि आठवण कोणाची, काम एकच.' ते गमतीनं म्हणाले. मला मात्र ते मनापासून पटलं. सगळा घोटाळा तिथंच झाला."

आता थोडं शास्त्र सांगतो. वैभव, झोपू नकोस. मेंदूत गाठ झाली की ती काढताना आजूबाजूच्या आठवणी जायच्या. माणूस वाचायचा, पण बायकोला नमस्कार करून 'आपण कोण?' विचारायचा. म्हणून डॉक्टरांनी नवी रीत काढली. आधी सगळ्या आठवणी यंत्रात उतरवून घ्यायच्या, मग गाठ काढायची, मग आठवणी परत पेरायच्या. उतरवण्यापासून पेरण्यापर्यंत नऊ दिवस.

पण आठवण ही सुटी वस्तू नाही. आपल्या तरुणपणी कॉम्प्युटरमध्ये फोल्डर असायचे. फोल्डरात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक, आणि सगळ्यात आत एक फोटो. मेंदूतही तसंच असतं. 'माझं घर' हा मोठा फोल्डर. त्यात 'स्वयंपाकघर', त्यात 'आई', त्यात 'पावसाची सुट्टी', आणि त्याच्या आत लसणाच्या फोडणीचा वास. वास केवढा? चिमूटभर. पण त्यानं डोळ्यांत पाणी येतं, कारण तो कोणाच्या पोटातला आहे ते मेंदूला ठाऊक असतं. तोच वास उचलून 'बसस्टँड' या फोल्डरात ठेवला, तर तो नुसता कुठल्यातरी हॉटेलचा वास. माणूस नाक पुसून पुढे जातो.

पूर्वी हे झाड जसंच्या तसं उतरवायचे. पोटात पोट. पण एका फोल्डरचं दार लावायचं राहिलं की पुढचं सगळं त्याच्यातच अडकायचं. एका पेशंटचं अख्खं कॉलेज असंच त्याच्या मावशीच्या बाळंतपणात जाऊन बसलं होतं. म्हणून मग झाड सपाट करायला लागले. एक्सएमएल नावाची जुनीच पद्धत. आपल्या आजोबांच्या काळातली म्हणा. एका आठवणीची एक ओळ. ओळीत तीनच गोष्टी: तिचा स्वतःचा क्रमांक, तिचं नाव, आणि पालक क्रमांक, म्हणजे ती कोणाच्या पोटातली. पोटात पोट नाही, वर-खाली नाही. लाखो ओळी, सगळ्या एका पातळीवर. पत्त्यांसारख्या पिसल्या तरी चालतं. परत पेरताना यंत्र प्रत्येक ओळीला विचारतं, तुझा पालक कोण? ओळ आकडा सांगते. सगळ्यांनी सांगितलं की झाड पुन्हा उभं.

"म्हणजे," वैभव म्हणाला, "जत्रेत पोरं पांगली, पण प्रत्येकाच्या खिशात बापाच्या नावाची चिठ्ठी आहे."

"गुरुजी, बघा, ड्रायव्हरला कळलं."

"कळलं, पण यात धोका आहे," गुरुजी म्हणाले. "एका पोराची चिठ्ठी बदलली तर?"

"तर ते पोर दुसऱ्याच्या घरी जातं. आणि त्या पोराच्या खिशाला धरून त्याची पोरं, त्यांची पोरं, सगळी मुकाट त्याच्यामागून जातात. त्यांच्या चिठ्ठ्यांना हातही लावावा लागत नाही. एका ओळीतला एक आकडा, गुरुजी. चार हजार ओळींची फांदी हलते आणि चार हजारांपैकी एकीलाही कळत नाही."

गुरुजींनी मान डोलावली. गणित बरोबर होतं.

साल त्रेचाळीसमध्ये सारिकाच्या मेंदूत गाठ निघाली. लिंबाएवढी. आणि ज्या केंद्रात तिच्या आठवणी उतरवणार होते, तिथं नोंदीच्या टेबलावर मी होतो. नियमानं नातेवाइकाची फाईल आपण घ्यायची नसते. पण त्या आठवड्यात दुसरा ऑपरेटर बाळाच्या बारशाला गेला होता, आणि मी काही बोललो नाही.

तिला गाठ व्हायच्या आधी तीन वर्षं आमचा ओजस गेला होता. साडेपाच वर्षांचा. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेला. सोसायटीच्या मागून नीरेचा कॅनॉल जातो ना, त्यात.

"थांबा," गुरुजी म्हणाले. "ओजस म्हणजे अर्चनाताईंचा. त्यांच्या भिंतीवर फोटो आहे, हार घातलेला. मी स्वतः पाहिलाय."

"तोच. तो माझा."

वैभव मांडीवर थाप मारून हसला. "घ्या! टेकडी पुरली नाही, आता दुसऱ्याचं पोर स्वतःच्या नावावर चढवलं!"

"आधीच सांगितलं होतं, विश्वास ठेवू नका म्हणून."

"नाही ठेवत. पुढं सांगा."

ओजस गेल्यापासून सारिका माझ्याशी बोलत नव्हती. एक शब्द नाही. ताट वाढायची, पण माझ्याकडे न बघता. विजेचं बिल आलं की फ्रिजवर चिकटवायची. पाहुणे आले की त्यांना सांगायची, 'यांना विचारा, चहा घेणार का.' मी तिच्यासमोर बसून दिवसभराच्या गमती सांगायचो, तर ती उठून मिक्सर लावायची. रिकामा मिक्सर, गुरुजी. आत काही नाही.

"एवढं कशानं?"

"दुःखानं," मी म्हणालो. "आणखी कशानं?"

तर नऊ दिवसांतला तिसरा दिवस. सारिका पलीकडच्या इमारतीत झोपवलेली, आणि ती सगळीच्या सगळी माझ्यासमोर पडद्यावर, ओळींच्या ढिगात. मी शोध घेतला. 'ओजस' नावाची ओळ सापडली. क्रमांक ५०१६. पालक क्रमांक ४१२. आणि चारशे बारा म्हणजे 'मी आई झाले'. तिच्या खाली चार हजार दोनशे सहा ओळी. त्या मी उघडल्या नाहीत. धीर झाला नाही. पुसायचा तर विचारही मनात आला नाही. बापाच्या हातानं ते होत नाही. पण बाजूला 'अर्चना, शेजारीण' ही ओळ दिसली. क्रमांक ७७३०. मी म्हटलं, यातलं काहीच जायला नको, सगळं असंच राहू दे; हसणं, दात पडणं, चिऊताईचा हट्ट. फक्त शेजारच्या घरात. शेजाऱ्याचं पोर गेलं तर माणूस रडतो, हळहळतो, आणि संध्याकाळी जेवतो. जेवताना बोलतोसुद्धा.

मी ओळ उघडली आणि पालक क्रमांक बदलला.

इथं माझी तलाठ्याची सवय आडवी आली. नोकरीला लागलो तेव्हा भिलारे नावाचे सर्कल साहेब होते, आम्हा तलाठ्यांच्या वरचे. सातबाऱ्यावरचं जुनं नाव खोडायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. जमीन विकली, वाटणी झाली, माणूस मेला, काही होऊ दे. जुन्या नावाला कंस करायचा आणि नवं नाव पुढं लिहायचं. खोडाखोड दिसली की चौकशी लागते, कंस दिसला की सगळ्यांना कळतं, हा आता मालक नाही. पंचवीस वर्षं मी हेच केलं. पंचवीस वर्षं हाताला जे वळण लागलं ते एका दुपारी जात नाही. मी ४१२ ला कंस केला आणि पुढं ७७३० लिहिलं.

कंसातला मालक मालक नसतो, हे तुम्हाला कळतं, मला कळतं. यंत्राला कुणी शिकवलं होतं? त्याला दोन आकडे दिसले. त्यानं दोन्ही मानले आणि ती फांदी दोन्ही ठिकाणी लावली.

दहाव्या दिवशी सारिकानं डोळे उघडले. डोक्याला पांढरी टोपी, ओठ सुकलेले. मी खुर्चीत पुढं सरकून बसलो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली,

"तुमच्याशी मी बोलत नाही, ते माझ्या लक्षात आहे. ते तसंच राहणार. पण अर्चनापाशी कोण आहे? तिच्याकडे कोणीतरी जा."

"तिला काय झालं?"

"काय झालं म्हणजे? आपला गेला तेव्हा आपण निदान दोघं होतो. ती एकटी. तिचाही ओजस त्याच दिवशी गेला ना."

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तिच्या मुलाचं नावही ओजस?"

"विसरलात? तुम्हीच तर हसायचात, एका हाकेत दोन येतात म्हणून."

मी कधी हसलो नव्हतो, गुरुजी. हसायला दुसरा होताच कुठं? पण मेंदूला भोक सहन होत नाही. जोड दिसला नाही की तिथं तो स्वतः एक थाप मारतो, आणि माझ्यापेक्षा फार सफाईदार मारतो. सारिकानं दोन ओजस जोडून घेतले. दोघांना एकसारखे निळे बूट होते, म्हणे, आम्ही बायकांनी मिळून घेतलेले. दोघं एका बेंचवर बसायचे. दोघं एका वेळी पाण्यात गेले.

पुढचे पंधरा दिवस मी काय पाहिलं ते सांगू नये. नर्स सांगायची, ताई एकीकडून रडून थकल्या की दुसरीकडून सुरू करतात. एक पोर जाताना बघणं एकदाचं असतं. तिला शेजारी शेजारी दोन दिसत होती. जेवण आलं की दोन घास काढून ताटाच्या कडेला ठेवायची, दोन्ही कडांना एकेक. मला एकदा म्हणाली, तेही खिडकीकडे बघत, "एकाला धरलं असतं तर दुसरा तरी वाचला असता. पण दोघांनाही कुणी धरलं नाही."

"अरेरे," वैभव म्हणाला. तो आता हसत नव्हता. मग आठवण झाल्यासारखा म्हणाला, "काय रचता हो भाऊसाहेब!"

नियम असा होता की तीस दिवसांच्या आत दुरुस्ती करता येते. पेशंटला दोन तास यंत्राखाली झोपवायचं, चुकीची फांदी देठाशी तोडायची. तीस दिवस झाले की ओळींचा ढीग नष्ट करायचा. माणसाचा मेंदू सरकारदरबारी पडून राहू नये म्हणून. त्यानंतर चूक असो की बरोबर, तेच तुमचं आयुष्य.

सत्ताविसाव्या दिवशी डॉक्टरांनी मलाच बोलावलं. "भोईटे, तुमच्या मिसेसच्या फाईलमध्ये एका ओळीला दोन पालक दिसतायत. उतरवताना काहीतरी झालं असावं. तुम्ही घरचे, तुम्हाला माहीत असणार. कुठला खरा?"

पडद्यावर दोन आकडे. चारशे बारा, सात हजार सातशे तीस. आणि खाली यंत्राचा प्रश्न: यातला एक ठेवा.

गुरुजी, पहिल्यांदा केलं तेव्हा मी घाईत होतो, घाबरलेला होतो, असं म्हणता येईल. या वेळी पंखा चालू होता, समोर डॉक्टर चहा पीत होते, आणि मला कुणी घाई करत नव्हतं. ४१२ ठेवलं असतं तर बायको जशी होती तशी मिळाली असती. ओजसची आई. आणि मुकी. तोंड उघडेल ते माझ्याशी बोलत नाही हे सांगायला.

"कुठला?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"सात हजार सातशे तीस," मी म्हणालो. "शेजारणीचा मुलगा होता. हिचा फार जीव होता त्याच्यावर."

त्याच संध्याकाळी मी अर्चनाकडे गेलो. अर्चनाची ओळख करून द्यायला हवी. तिला मूल नव्हतं. त्यावरून नवरा सोडून गेलेला. ओजस लहान असताना ती दारात उभी राहून त्याच्याकडे बघायची, आणि सोसायटीतल्या बायका कुजबुजायच्या, म्हणून सारिका पोराला पटकन आत घ्यायची. तर मी तिच्यासमोर ओजसचे फोटो ठेवले, निळे बूट ठेवले, दोन शर्ट ठेवले, आणि काय केलं ते सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊसाहेब, जिवंत होता तेव्हा पाच मिनिटं माझ्या मांडीवर दिला नाहीत. आता मेलेला आणून दारात ठेवताय?"

"वहिनी, ती परवा घरी येईल. सगळ्यात आधी तुमच्याकडेच येईल. तुम्ही नाही म्हणालात तर तिचं डोकं फुटेल."

"आणि हो म्हणाले तर माझं फुटेल, त्याचं काय?"

तिनं मला हाकललं. बूट आणि फोटो मात्र परत दिले नाहीत.

सारिका घरी आली. रिक्षातून उतरली ती सरळ अर्चनाच्या दारात. मी जिन्यात उभा होतो. सारिकानं तिला मिठी मारली आणि म्हणाली, "अगं, मी दवाखान्यात पडून. तुझ्याजवळ कोणी नव्हतं गं." अर्चना लाकडासारखी उभी. तिनं सारिकाच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग काय झालं कुणास ठाऊक, तिचे हात हळूहळू वर आले, आणि ती अशी रडली की वरच्या मजल्यावरची दारं उघडली. कुणाच्या नावानं रडली ते मी आजवर विचारलेलं नाही.

त्या दिवशी घरी सारिकानं चहा केला. तिनं विचारलं, "साखर अर्धा चमचाच ना तुम्हाला?"

मी चार कप प्यालो. तीन वर्षांनंतर बायको विचारते, साखर किती. मी तिला टेकडी आणि पोस्टमनची गोष्ट सांगितली आणि ती हसली. हसताना टोपीखालचा टाका ताणला म्हणून डोकं धरून हसली.

बाकीचं सोपं होतं. नातेवाइकांना, सोसायटीतल्या जुन्या लोकांना सांगितलं, डॉक्टरांनी तो विषय बंद केलाय. विषय बंद करायला लोक तयारच असतात. तिच्या पोटावर सिझेरियनचा व्रण आहे. एकदा तिनं आरशासमोर उभं राहून विचारलं, हा कसला? मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाली, "हां, अपेंडिक्सचा." जन्मदाखला माझ्या पेटीत आहे. दाखवू शकतो. पण दाखल्यावर विश्वास कोण ठेवतो? मी जन्मभर दाखले दिलेत.

"आणि अर्चनाताई?" गुरुजींनी विचारलं. ते आता पुढं झुकून बसले होते.

अर्चना पहिलं वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही. सारिका बुधवारी खीर घेऊन जायची, कारण ओजसचा जन्म बुधवारचा आणि त्याला शेवयांची खीर आवडायची. दोघी बसायच्या. सारिका सांगायची आणि अर्चना ऐकायची. तुझा ओजस असा पळायचा, तुझा ओजस र म्हणत नव्हता, 'लिक्षा' म्हणायचा. बाईला जन्मात कुणी 'तुझा' म्हटलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी तीही सांगायला लागली. माझ्या मुलाला ताप आला तेव्हा, माझ्या मुलानं पहिल्यांदा पाटी फोडली तेव्हा. यातलं काही झालं नव्हतं. पण सारिका मान डोलवायची. अर्चनानं फोटो मोठा करून घेतला, हार घातला. सोसायटीच्या बायका तिला हळदीकुंकवाला पुढं बसवायला लागल्या.

पाचेक वर्षांनी मला एक दिवस राहवेना. सारिका बाजारात गेलेली पाहून मी अर्चनाकडे गेलो. म्हटलं, वहिनी, एक फोटो द्या. एकच. लहानसा चालेल. पाकिटात ठेवीन, कुणाला दिसणार नाही.

ती दारात उभी राहिली, आत बोलावलं नाही.

"कुणाचा फोटो?"

"ओजसचा."

"माझ्या मुलाचा फोटो तुम्हाला कशाला, भाऊसाहेब?"

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. मला वाटलं होतं, ती चेष्टा करते किंवा सूड घेते. तसं काही नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. तिच्या मेंदूला तर कुठल्या यंत्राचा हातही लागला नव्हता. सगळ्या जगात त्या पोराला माझा म्हणणारा आता मी एकटा आहे. आणि मी कसला माणूस आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

गुरुजी बाकावर मागे टेकले.

"चांगली रचलीत. पण गणितात बसत नाही."

"काय बसत नाही?"

"कारण. पोर जाण्याचं दुःख सगळ्या आयांना होतं. म्हणून कुणी तीन वर्षं नवऱ्याशी बोलणं टाकत नाही. आणि बायकोचं दुःख हलकं करायला स्वतःचं पोर दुसऱ्याच्या नावावर कुणी करत नाही, तेही दोनदा विचार करून. तुमच्या गोष्टीत एक ओळ कमी आहे, भाऊसाहेब."

गुरुजी असेच आहेत. मी घड्याळात पाहिलं. पाचला दहा कमी होती.

"ती स्वतःला दोष देत होती, गुरुजी," मी म्हणालो. "आतल्या आत. मला बघवेना. त्या दिवशी मी कचेरीत होतो. कॅनॉलला पाणी सोडलेलं, कडेला तेव्हा भिंत नव्हती. पोर आईपाशीच खेळत होतं, आईच्या नजरेसमोर. आईची नजर क्षणभर हलली, आणि तेवढ्यात—"

"खोटं."

सारिका बाकामागे उभी होती. हातात खिरीचं रिकामं पातेलं. अर्चनाच्या दारातून ती केव्हा निघाली, किती वेळ उभी होती, मला कळलं नाही. तिनं शेवटचंच ऐकलं असावं, कारण चेहऱ्यावर फक्त राग होता.

"खोटं बोलतात हे, गुरुजी. बाकी काय हवं ते सांगा म्हणावं, पण गेलेल्या पोराबद्दल तरी असं बोलू नये. ओजसचं सांगताय ना? आणि अर्चनाची नजर हलली म्हणता? अर्चना होती कुठं इथं? ती बाजारात गेली होती, पोराला तुमच्या हवाली करून."

"सारिका, वर चल."

"कचेरी कसली? रविवार होता. तुम्ही या बाकावर बसला होता, चार माणसं गोळा करून. पोर तुमच्या गुडघ्याशी उभं. मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होते, मला सगळं ऐकू येत होतं. लाडानं तुम्हाला बाबा म्हणायचं ते. 'बाबा, माझा चेंडू कॅनॉलमध्ये गेला.' तीनदा म्हणालं, गुरुजी. शर्ट ओढून ओढून म्हणालं. अर्चनानं यांना कधी बोल लावला नाही, मीही लावला नाही. म्हटलं, लोकाच्या पोरापायी आपला संसार कशाला मोडायचा. पण म्हणून त्या बाईवर ढकलायचं? तुम्ही काय म्हणालात त्याला, ते अजून माझ्या कानात आहे."

वैभव उठून उभा राहिला होता. गुरुजी माझ्याकडे बघत होते आणि मी पातेल्याकडे.

"'थांब रे,' म्हणालात तुम्ही त्याला. 'एवढी गोष्ट संपू दे.'"